उतरून घेतलेला इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेच्या हायस्कुलांत संस्कृत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे शाळेच्या कामांतून मोकळे झाले म्हणजे दुसऱ्याच एका उद्योगास लागत. पटवर्धन सरदारांच्या घराण्यांतील जुनीं दप्तरें सोडावयाचीं, मोडींतील पत्रें लावावयाचीं, त्यांचा काळ ठरवावयाचा आणि निवडक पत्रें बाळबोध लिपींत उतरून छापावयाचीं, हा तो उद्योग. १८९७ सालीं त्यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध होऊं लागला आणि १९२४ सालीं शास्त्रीबोवांचा अंत होईपर्यंत त्यांनीं तो ध्यास सोडला नाहीं.

हें काम नुसत्या नकलाकाराचें नव्हतें. जुन्या पत्रावर चंद्र व महिना असे, पण साल बहुधा नसे. तें मजकुरावरून ताडावें लागे. सुटे झालेले बंद जुळवितांना ‘राजश्रिया विराजित राजमान्य राजश्री’ असा मायना दिसला कीं तो आरंभ आणि ‘हे विनंति’ आलें कीं ती अखेर, अशा खुणांवर भिस्त ठेवावी लागे. कागद हातांत असणें आणि कागद वाचतां येणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत, हें ज्यांस अनुभवानें कळलें त्यांपैकीं शास्त्रीबोवा एक होत.

त्याच सुमारास कृष्णेच्या वरच्या अंगासही हाच उद्योग चालला होता. वाईस मिळालेल्या कागदांवरून विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड सिद्ध केला. तो १८९८ सालीं बाहेर पडला आणि पानिपतच्या प्रसंगाचीं अस्सल पत्रें वाचकांच्या हातीं आलीं. साताऱ्याचे दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनीं वाईजवळच्या मेणवलींतील नाना फडणिसांचें दप्तर उजेडांत आणलें. त्यांच्या संग्रहासाठीं १९२५ सालीं साताऱ्यास ऐतिहासिक संग्रहालय उभें राहिलें; पुढें १९३९ सालीं तो संग्रह पुण्यास डेक्कन कॉलेजांत नेण्यांत आला.

या तिघांच्या उद्योगांतून एक साधा नियम निघतो. कोणतीही नोंद केवळ जपून ठेवल्यानें टिकत नाहीं. ती वेळेवर उतरून घेतल्यानें टिकते. माळ्यावरचा रुमाल कितीही भक्तीनें बांधून ठेवला, तरी कसर आणि ओल यांस ती भक्ति कळत नाहीं. शिवाय कागद तगला, तरी तो वाचणारा तगेल असें नाहीं. विसाव्या शतकांत मोडी शाळांतून व कचेऱ्यांतून गेली, आणि ज्या घरांत आजोबा सहज मोडी वाचीत त्या घरांत नातवास आपल्याच वाड्याचें खरेदीखत वाचण्यास जाणकार शोधावा लागूं लागला.

याच नियमाचा दुसरा पाठ मिरजेनें दिला. तो कागदाचा नव्हे, स्वराचा. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ हे मूळचे कैराण्याचे. परंतु आयुष्याचा उत्तरकाल त्यांनीं मिरजेस घालविला. १९३७ सालीं दक्षिणेच्या प्रवासांत मद्रासजवळच्या एका रेल्वे स्थानकावर त्यांचें देहावसान झालें आणि मिरजेंत मीरासाहेबांच्या दर्ग्यापाशीं त्यांस मूठमाती मिळाली. त्यांच्या गळ्याची साक्ष आज ध्वनिमुद्रिकाच देतात. त्यांतल्या पहिल्या १९०४-०५ च्या सुमाराच्या आहेत. त्या वेळीं गायकानें कर्ण्यासमोर बसून गावें आणि आवाजाच्या नुसत्या जोरानें सुईनें मेणावर रेघ कोरावी, अशी रीत होती. १९३० नंतरच्या मुद्रिका विजेच्या साहाय्यानें घेतल्या गेल्या व त्यांत आवाजाचे बारकावे अधिक उतरले. एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटें मिळत. तेवढ्यांतच राग उभा करावा लागे.

या तबकड्या उतरून घेणें वाटतें तितकें सोपें नाहीं. प्रत्येक वादनाबरोबर सुई रेघ थोडी झिजविते. म्हणून तबकडी वारंवार लावून पाहण्याची सोय नाहीं. सुईची रुंदी रेघेस जुळली नाहीं तर स्वराऐवजीं खरखरच अधिक उमटते. सर्वांत नाजूक गोष्ट वेगाची. या तबकड्या मिनिटास ७८ फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जातात. पण आरंभींच्या काळांत मुद्रणाचा वेग नेहमीं तितकाच असे असें नाहीं. ७४ फेऱ्यांवर घेतलेलें गाणें ७८ वर लाविलें, तर षड्ज चढून जवळजवळ कोमल ऋषभापाशीं जातो. गायकाचा मूळ सूर कोणता हें जाणणारा कोणी जवळ नसेल, तर यंत्र बिनचूक असूनही प्रत खोटी निघते. मोडीच्या पत्रावर साल घालणाऱ्या शास्त्रीबोवांची आणि तबकडीचा वेग ठरविणाऱ्या रसिकाची अडचण एकाच जातीची आहे.

तिसरा पाठ चित्रमुद्रणाचा, आणि तो अगदीं अलीकडचा. सांगली जिल्हा १९४९ सालीं दक्षिण सातारा या नांवानें वेगळा झाला व १९६० सालीं त्यास आजचें नांव मिळालें. त्यापूर्वींच्या अखंड सातारा जिल्ह्यांत १९४३ ते १९४६ या काळांत क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालीं प्रतिसरकार चाललें. कुंडल हें त्याचें मोठें ठाणें. भूमिगत चळवळीचें दप्तर फारसें राहत नाहीं. कारण सांपडलेला कागद म्हणजे पकडलेला माणूस. म्हणून या पर्वाच्या इतिहासास कार्यकर्त्यांच्या तोंडच्या हकीकतींचा मोठा आधार आहे. ७ जून १९४३ रोजीं शेणोलीजवळ सरकारी पैसा नेणारी आगगाडी अडविण्यांत आली. त्या प्रसंगांतले तुफान सेनेचे रामचंद्र श्रीपती लाड, म्हणजेच ‘कॅप्टन भाऊ’, यांची मुलाखत पत्रकार पी. साईनाथ यांनीं त्यांच्या उतारवयांत घेतली व ती चित्रणासह लोकांपुढें आली. २०२२ सालीं कॅप्टन भाऊ निवर्तले. आतां त्यांच्या तोंडून ती हकीकत ऐकावयाची तर त्या चित्रणांतूनच.

एवढी एक हकीकत सुरक्षित झाली. परंतु घरोघरीं व गांवोगांवीं घेतलेल्या चित्रणांचें काय? सभा, सत्कार, कीर्तनें, लग्नें, वडीलधाऱ्यांच्या गोष्टी हें सर्व एकविसाव्या शतकाच्या आरंभीं डिजिटल यंत्रांत सांठूं लागलें. हार्ड डिस्कवर चित्रण करणारे घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर १९९९ सालीं प्रथम अमेरिकेंत विक्रीस आले व पुढें जगभर पसरले. दुकानांत व कचेऱ्यांत पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांमागेंही त्याच जातीचें यंत्र बसलें. यंत्र चालू असे तोंवर सर्व ठीक. तें बंद पडलें म्हणजे लोकांस कळून येतें कीं आपली नोंद एका अनोळखी लिपींत लिहिलेली आहे.

ही लिपी काय आहे? चित्र व ध्वनि यांचें आंकड्यांत रूपांतर करून, जागा थोडी लागावी म्हणून ते आंकडे दाबून बसविलेले असतात. कोणतें चित्रण डिस्कच्या कोणत्या भागांत आहे याची एक अनुक्रमणिका यंत्र राखतें, आणि ती कित्येकदां त्या कारखान्याच्या खास पद्धतीची असते. अशी डिस्क काढून साध्या संगणकास जोडली तर संगणक ती कोरी आहे असें समजतो व नव्यानें आंखून देऊं काय, असें विचारतो. त्यास ‘होय’ म्हणणें म्हणजे मोडी वाचतां येत नाहीं म्हणून रुमाल बंबांत घालण्यासारखेंच आहे.

जाणकार माणूस येथें शास्त्रीबोवांच्याच मार्गानें जातो. यंत्र अजून चालत असेल, तर त्यांतून चित्रण लावून तें दुसऱ्या यंत्रावर घ्यावें. तासाच्या चित्रणास तास लागेल, पण तें हातीं येईल. यंत्र मेलें असेल, तर डिस्कवर एकही नवें अक्षर लिहिलें जाणार नाहीं अशी तजवीज करून तिची आरंभापासून अखेरपर्यंत अक्षरशः नक्कल घ्यावी, आणि मूळ डिस्क बाजूस ठेवून पुढचे सारे प्रयोग त्या नकलेवरच करावे. अनुक्रमणिका नष्ट झाली असली, तरी मजकूर बहुधा जागेवर असतो. पुसलेलें चित्रणही त्याच जागेवर दुसरें चढेपर्यंत पुष्कळदां शिल्लक राहतें. एमपेग पद्धतीच्या चित्रणांत प्रत्येक भागाच्या आरंभीं शून्य, शून्य, एक असा ठरीव संकेत येतो. तो शोधीत गेलें कीं कोठून काय सुरू झालें हें उमगूं लागतें. जणूं मायना सांपडला! तारखेचाही तोच घोळ. यंत्रांतील घड्याळाची विजेरी संपली असेल तर चित्रणावर भलतेंच साल पडतें, आणि खरें साल आंतल्या प्रसंगावरून ठरवावें लागतें.

मात्र एक भेद विसरतां येत नाहीं. झिजलेली तबकडी खरखरींतूनही गाते. कसरीनें खाल्लेलें पत्र अर्धें तरी वाचतां येतें. डिजिटल नोंद मात्र शेवटच्या दिवसापर्यंत निर्दोष दिसते आणि एका सकाळीं एकदम मुकी होते. कांहीं यंत्रें तर चित्रण गुप्त संकेतांत कोंडतात व त्याची किल्ली त्याच यंत्राच्या पोटांत ठेवितात. यंत्र गेलें कीं डिस्क धड असूनही कुलूप उघडत नाहीं. पहाऱ्याच्या यंत्रांत तर जागा भरली कीं नवें चित्रण जुन्यावर आपोआप चढतें. ठराविक दिवसांत उतरून घेतलें नाहीं, तर तें कायमचें गेलें.

कृष्णाकांठास हें निराळें सांगावयास नको. २००५ च्या पुराची आठवण ताजी असतांच ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलीस आयर्विन पुलाजवळ नदीनें ५७ फुटांची पातळी ओलांडली, आणि २०२१ सालीं पाणी पुन्हां शहरांत शिरलें. अशा वेळीं भिजलेलें यंत्र चालतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं वीज जोडण्याचा मोह सर्वांस होतो. पण तोच सर्वांत घातक. गाळाचा एक कण फिरत्या तबकडीवर घासला तरी वर्षांची नोंद खरवडली जाते. उन्हांत किंवा चुलीपाशीं न वाळवितां ती तशीच जाणत्याच्या हातीं देणें श्रेयस्कर. त्याहूनही श्रेयस्कर म्हणजे पूर येण्यापूर्वींच एक प्रत दुसऱ्या गांवीं असणें.

शास्त्रीबोवांनीं छापलेलीं पत्रें आज एका मिरजेंत नाहींत. तीं अनेक गांवच्या ग्रंथालयांत आहेत, आणि एखादें कपाट बुडालें तरी तीं बुडणार नाहींत. खाँसाहेबांचा स्वर लाखेच्या तबकडीवरून टेपवर व टेपवरून डिजिटल रूपांत आला. उद्यां आणखी कोठें जाईल. प्रत्येक पिढीस हें काम नव्यानें करावें लागतें, कारण प्रत्येक पिढीचें यंत्र तिच्याबरोबरच थकतें. घरांतील कपाटांत पडलेल्या जुन्या रेकॉर्डरमध्यें आजीचा आवाज आहे, हें ज्यास माहीत आहे असा माणूस अजून घरांत असेल, तर उतरून घेण्याचा काळ हाच होय. यंत्र दुरुस्त करणारा पुढेंही मिळेल. तो आवाज कोणाचा, हें सांगणारा मिळेलच असें नाहीं.