‘डर्बी’ जहाज आणि चांचे कोण?

काटोलच्या संत्र्यांच्या बागांत बसून दर्यावरचा इतिहास वाचणाऱ्यास एक प्रश्न सहज पडतो : चांचे म्हणावें तरी कोणास?

ता. २६ डिसेंबर १७३५ रोजीं ईस्ट इंडिया कंपनीचें मुंबईकडे येणारें ‘डर्बी’ हें व्यापारी जहाज संभाजी आंग्र्यांच्या आरमारानें पाडाव करून सुवर्णदुर्गास नेलें. त्यावर खजिना होता, जहाजसामान होतें. आणि तोफाही होत्या! अशा जहाजांच्या दोन्ही बाजूंस तोफांच्या रांगा असत. म्हणून आंग्र्यांच्या गुराबा पिछाडीनें येऊन मारा करीत. ‘डर्बी’च्या डोलकाठ्या तशाच कोसळल्या.

इंग्रज इतिहासकारांनीं आंग्र्यांस चांचे ठरविलें. परंतु दस्तकावांचून जाणारें जहाज अडविणें हा आंग्रे आपला राजहक्क समजत. तोफांच्या बळावर तो नाकारणें यास कंपनी व्यापार म्हणे.

तथापि अभिमानानें आपण आंधळे होऊं नये. त्याच सुमारास संभाजी व मानाजी हे बंधु एकमेकांशीं झगडत होते. पुढें १७५५ सालीं पेशव्यांच्याच साहाय्यानें इंग्रजांनीं सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्यें विजयदुर्गाखालीं तुळाजी आंग्र्यांचें आरमार जळून गेलें. आग प्रथम लागली ती इंग्रजांकडूनच जिंकलेल्या ‘रेस्टोरेशन’ जहाजास. परकीं जहाजें आंग्र्यांस जिंकतां आलीं. घरची फूट मात्र जिंकतां आली नाहीं.