इन्क्विझिशन, गोव्यातील

कॅथलिक श्रद्धेपासून ढळलेल्या ख्रिस्ती व्यक्तींची चौकशी करून त्यांना शिक्षा देणारे पोर्तुगीज अमदानीतील धर्मन्यायपीठ (१५६०–१८१२). जुन्या गोव्यात आदिलशाही वाड्यात ते भरे. लोक त्या वास्तूला नुसते ‘व्हडलें घर’ म्हणत.

या न्यायपीठाची कार्यपद्धती मध्ययुगीन यूरोपातली. दक्षिण फ्रान्समधील कॅथर पंथ मोडून काढण्यासाठी पोप नववा ग्रेगरी याने १२३० नंतरच्या दशकात डॉमिनिकन साधूंना चौकशी-अधिकारी नेमले. १२५२ मध्ये चौथ्या इनोसंटने कबुलीसाठी यातना देण्यास मुभा दिली. आरोपीला साक्षीदारांची नावे सांगत नसत. देहान्त शिक्षा चर्च स्वतः देत नसे; दोषीला राजसत्तेच्या हवाली करी. हात झटकण्याची ही सोय गोव्यातही जशीच्या तशी आली.

जेझुइट धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियरने १५४६ मध्येच पोर्तुगालच्या राजाकडे अशा न्यायपीठाची मागणी केली होती. ते स्थापन झाले त्याच्या मृत्यूनंतर. सुरुवातीचा रोख ज्यू वंशाच्या नवख्रिस्तींवर होता. त्यांपैकीच वैद्य गार्सिया द ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याची बहीण कातारीना हिला जाळले आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली. पुढे खटल्यांचा भर स्थानिक धर्मांतरितांकडे वळला. हिंदू थेट कक्षेत नसले, तरी ख्रिस्ती झालेल्यांना जुन्या धर्माकडे ओढल्याचा आरोप त्यांच्यावर येऊ शके.

चर्चेत नेहमी जळत्या चिता येतात. न्यायपीठाचा खरा पसारा मात्र घरात, स्वयंपाकापर्यंत होता. १७३६ च्या जाहीरनाम्याने ख्रिस्ती कुटुंबांना दारात तुळस लावणे, लग्नात ओव्या गाणे, विडे वाटणे, पुरुषांनी धोतर व बायकांनी चोळी घालणे मना केले. हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवणेही त्यात आले! अशा गुन्ह्याला शेजारी हाच साक्षीदार पुरे.

तुरुंगाची आतली हकीकत फ्रेंच वैद्य शार्ल देलाँ याने १६८७ मध्ये छापली. दमणमध्ये पकडून त्याला गोव्यात आणले होते. आरोप काय हे न सांगता ‘आठव आणि कबूल कर’ एवढेच त्याला सांगत राहिले. अखेर जानेवारी १६७६ मधील जाहीर शिक्षासमारंभात त्याला गलबतावरील सक्तमजुरी झाली.

पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याच्या काळात १७७४ मध्ये न्यायपीठ बंद पडले, काही वर्षांनी पुन्हा सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे मिटले. दप्तर बहुतेक नष्ट केले गेले. अधिकारी जुआंव देलगादो फिगेइरा याने १६२३ मध्ये केलेली सुमारे ३,८०० खटल्यांची सूची लिस्बनमध्ये उरली असून पहिल्या सहा दशकांच्या अभ्यासाचा मुख्य आधार तीच आहे.