लखनौ ते फैजपूर : अध्यक्षपदाची निवड आणि शेतसाऱ्याचा प्रश्न

पक्षाने आपला नेता निवडताना माणूस पाहावा की त्याचा कार्यक्रम पाहावा, हा लोकशाहीतील एक जुना वाद आहे. अमेरिकेत दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्षाची निवडणूक येते. तिच्याआधी प्रत्येक पक्षात उमेदवारीसाठी प्राथमिक लढत होते, आणि त्या वेळी दोन प्रश्न जोडीने विचारले जातात. हा गृहस्थ निवडून येण्याचा संभव किती, हा पहिला प्रश्न. आणि याची करयोजना कोणाचा भार हलका करणार व कोणाचा वाढवणार, हा दुसरा. असा प्रसंग आपल्या देशात पूर्वी कधी आलाच नाही असे मात्र समजण्याचे कारण नाही. 1936 या एकाच वर्षी तो आला. त्याचा आरंभ अयोध्येच्या नबाबांच्या लखनौ शहरात झाला आणि शेवट आपल्या खानदेशातील फैजपूर या गावी झाला. आज त्या आठ महिन्यांच्या प्रवासाचा विचार करावयाचा आहे.

त्या काळी काँग्रेसच्या अध्यक्षाला लोक ‘राष्ट्रपती’ म्हणत. देश परतंत्र होता, राज्यकारभार परक्यांच्या हाती होता. तरीही लोकांनी आपल्यापुरता एक राष्ट्रपती मानला होता. 1934 साली मुंबईच्या अधिवेशनात काँग्रेसची नवी घटना मंजूर झाली. तिने प्रतिनिधींची संख्या 2000 च्या मर्यादेत आणली आणि त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश जागा ग्रामीण भागाला दिल्या. अध्यक्षाची निवड या प्रतिनिधींच्या मतांनी व्हावयाची होती. म्हणजे राष्ट्रपती कोण व्हावा, हे ठरविण्यात खेड्यातून आलेल्या प्रतिनिधीचा वाटा मोठा झाला. अशा प्रतिनिधीला ज्याची रोज आठवण होते तो कर एकच, आणि तो म्हणजे जमिनीवरचा.

येथे दोन शब्दांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. आपल्या मुंबई इलाख्यात बहुतेक ठिकाणी रयतवारी पद्धत होती. शेतकरी आपला सारा थेट सरकारात भरी. संयुक्त प्रांतात, विशेषतः लखनौभोवतीच्या अवध भागात, शेतकरी आणि सरकार यांच्या मधे तालुकदार उभा होता. कूळ तालुकदाराला खंड देई आणि तालुकदार सरकारला सारा भरी. 1858 साली लॉर्ड कॅनिंग यांनी अवधमधील बहुतेक जमीन जप्त केल्याचा जाहीरनामा काढला, आणि पुढे निष्ठेच्या मोबदल्यात ती तालुकदारांना परत दिली. लखनौच्या कैसरबागेतील बारादरी ही या तालुकदारांची बैठकीची जागा. कुळाकडून खंडाखेरीज नजराणा घ्यावा, वेठ घ्यावी आणि मनात येईल तेव्हा त्याची बेदखली करावी, असा तेथला रिवाज पडून गेला होता.

या रिवाजाविरुद्ध अवधच्या शेतकऱ्यांना पहिल्यांदा संघटित करणाऱ्यांत एक मराठी माणूस होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. बाबा रामचंद्र या नावाने तो ओळखला जाई. त्याचे मूळ नाव श्रीधर बळवंत जोधपूरकर. गिरमिटिया मजूर म्हणून तो फिजी बेटांत गेला, तेथून परतल्यावर अवधात स्थिरावला आणि तुलसीरामायणातील चौपाया गात प्रतापगडच्या खेड्यापाड्यांतून कुळांना जागे करीत हिंडला. 1920 च्या जून महिन्यात त्याच्या शेतकऱ्यांच्या आग्रहावरून जवाहरलाल नेहरू त्या खेड्यांत गेले. अलाहाबादच्या आनंदभवनात वाढलेल्या या तरुण बॅरिस्टराला हिंदुस्थानचे खेडे प्रथम दिसले ते असे. पुढे राष्ट्रपती झालेल्या नेहरूंच्या शेतीविषयक विचारांचे मूळ पुस्तकांत जितके आहे तितकेच प्रतापगडच्या त्या उन्हातही आहे.

1936 च्या एप्रिलमध्ये नेहरू लखनौच्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते. फेब्रुवारीच्या 28 तारखेला स्वित्झर्लंडमधील लोझान येथे कमला नेहरूंचे निधन झाले होते आणि ते दुःख ताजे होते. देशाची स्थितीही तशीच होती. 1929 नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव निम्म्यावर आले; पण खंड आणि सारा मात्र चढ्या भावांच्या काळात ठरलेले. पूर्वी एक मण धान्य विकून जी रक्कम भागे, ती भागविण्यासाठी आता दोन मण विकावे लागत. उरलेली तूट सावकार भरून काढी आणि पुढे जमीनही तोच घेई. खानदेशातील कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याची कथा अवधच्या कुळाहून फारशी वेगळी नव्हती.

अधिवेशनाच्या तोंडावर, 11 एप्रिलला, लखनौमध्येच अखिल भारतीय किसान सभा स्थापन झाली. स्वामी सहजानंद सरस्वती तिचे अध्यक्ष आणि प्राध्यापक एन. जी. रंगा सरचिटणीस झाले. दुसऱ्या दिवशी नेहरूंनी अध्यक्षीय भाषणात समाजवादाचा उघड पुरस्कार केला. परंतु भाषण अध्यक्षाचे असले तरी ठराव सभेचे असतात. किसान आणि कामगार संघटनांना काँग्रेसमध्ये सामुदायिक प्रवेश द्यावा ही त्यांची सूचना मान्य झाली नाही. शेतीच्या बाबतीत मधला मार्ग निघाला. खंड आणि साऱ्यात भरीव कपात, कर्जनिवारण, सरंजामी देण्यांपासून सुटका अशा विषयांवर प्रांतिक समित्यांनी 31 ऑगस्टपर्यंत आपल्या शिफारशी द्याव्यात, असे ठरले. लखनौने उत्तर दिले नाही. पण प्रश्न नीट मांडला आणि उत्तरासाठी मुदत घातली. राजकारणात हेही काही थोडे नव्हे.

त्यानंतरचे महिने मोठ्या ताणाचे गेले. नेहरूंनी कार्यकारिणीत जयप्रकाश नारायण, आचार्य नरेंद्र देव आणि आपले अहमदनगरचे अच्युतराव पटवर्धन या तिघा समाजवाद्यांना घेतले होते. मे महिन्यात मुंबईच्या 21 व्यापारी-उद्योगपतींनी पत्रक काढून नेहरूंच्या आर्थिक मतांचा निषेध केला. जूनअखेर राजेंद्रप्रसाद, वल्लभभाई पटेल, राजगोपालाचारी यांच्यासह सात सदस्यांनी कार्यकारिणीचे राजीनामे दिले. त्यांत महाराष्ट्राचे शंकरराव देवही होते. गांधीजी 1934 पासून काँग्रेसचे साधे सभासदही नव्हते. तरी मध्यस्थी त्यांनीच केली आणि राजीनामे परत घेण्यात आले.

अशा वातावरणात पुढल्या अधिवेशनाच्या अध्यक्षपदाचा प्रश्न आला. नेहरूंनाच पुन्हा निवडावे असा एक पक्ष होता. दुसरे नाव वल्लभभाई पटेलांचे होते. या दोघांच्या यशाच्या संभवाची चर्चा करताना त्या काळच्या आणि नंतरच्याही लेखकांनी ‘डावे’ आणि ‘उजवे’ एवढ्या दोनच शब्दांवर भागविले आहे. हा भेद खरा असला तरी पुरेसा नाही. करांच्या दृष्टीने पाहिले तर निराळेच चित्र दिसते. वल्लभभाईंना सरदार ही पदवी मिळाली तीच मुळी साऱ्याच्या लढ्यात. 1928 साली बार्डोलीत सरकारने सारा सुमारे 22 टक्क्यांनी वाढविला. शेतकऱ्यांनी तो भरण्याचे नाकारले. अखेर चौकशी होऊन वाढ सुमारे 6 टक्क्यांवर आली. म्हणजे सारा कमी करून घेणारा हिंदुस्थानातील सर्वांत यशस्वी पुढारी हाच होता. फरक होता तो दोघांनी पाहिलेल्या शेतकऱ्यांत. वल्लभभाईंचा शेतकरी गुजरातेतील खातेदार. त्याचे भांडण सरकारशी. नेहरूंचा शेतकरी अवधचे कूळ. त्याचे भांडण सरकारच्या आधी आपल्याच देशबांधव तालुकदाराशी. पहिल्या भांडणात सारे गाव एकजुटीने उभे राहते. दुसऱ्यात गावच दुभंगते. स्वातंत्र्याचा लढा चालू असताना गाव दुभंगू द्यावे काय, हा वल्लभभाईंच्या मनातील प्रश्न होता. आणि कुळाला भाकरी न देता त्याने लढ्यात का यावे, हा नेहरूंच्या मनातील. दोन्ही प्रश्न प्रामाणिक होते.

नोव्हेंबरात नेहरूंनी खुलासा केला की, आपल्याला दिलेले मत म्हणजे समाजवादाला दिलेला कौल, किंवा अधिकारग्रहणाविरुद्धचा कौल, असे मानणे चुकीचे होईल. त्यानंतर वल्लभभाईंनी माघार घेतली. नेहरूंशी आपले मतभेद आहेत हे त्यांनी लपविले नाही; पण प्रतिनिधींनी एकमताने नेहरूंनाच निवडावे असे आवाहन केले. त्याचबरोबर अध्यक्ष हा हुकूमशहा नसून एका सुसंघटित संस्थेचा प्रमुख आहे, संस्था आपले अधिकार कोणा एका व्यक्तीच्या स्वाधीन करीत नाही, असे त्यांनी बजावले. या माघारीनंतर निकालाविषयी संशय उरला नाही. माणूस नेहरू, पण कार्यक्रम संस्थेचा, असा हा तोडगा होता.

डिसेंबरच्या 27 आणि 28 तारखांना फैजपूरला अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले काँग्रेसचे हे पहिलेच अधिवेशन. यावल तालुक्यातील या गावी धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांबू आणि चटया यांचे नगर उभारले, नंदलाल बोस यांनी ते सजविले आणि राष्ट्रपतींची मिरवणूक बैलांच्या रथातून निघाली. याहून महत्त्वाची एक मिरवणूक मात्र मनमाडहून आली. सुमारे 500 शेतकरी गावोगाव आपले म्हणणे सांगत, दोनशे मैलांहून अधिक पायी चालत फैजपूरला पोहोचले. त्यांच्या स्वागताला नेहरू आणि शंकरराव देव दोघेही उभे होते. जूनमध्ये कार्यकारिणीत ज्यांचे जमत नव्हते, ते डिसेंबरात शेतकऱ्यांसमोर एकत्र उभे राहिले, हे लक्षणीय आहे.

फैजपूरने जो शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला त्यात 13 कलमे होती. त्यांतील पहिली तीन करांविषयीची. खंड आणि सारा या दोहोंची फेररचना करून त्यांत भरीव कपात करावी, हे पहिले. ज्या जमिनीवर कुटुंबाचा निर्वाह होत नाही तिला खंड आणि सारा यांतून मुक्त करावे, हे दुसरे. आणि ठरावीक मर्यादेच्या वरच्या शेती उत्पन्नावर, इतर उत्पन्नांप्रमाणेच, चढत्या दराने प्राप्तिकर बसवावा, हे तिसरे. जमीनदारी नष्ट करण्याची किसान सभेची मागणी त्यात नव्हती, म्हणून डाव्यांना तो अपुरा वाटला. परंतु ही तीन कलमे एकत्र वाचली म्हणजे त्यांतील विचार स्पष्ट होतो. सारा जमिनीवर बसतो आणि ती कसणाऱ्याची ऐपत पाहत नाही. दोन बिघ्यांवर आणि दोनशे बिघ्यांवर तो एकाच दराने बसतो. पाऊस आला वा न आला, भाव चढले वा पडले, त्याला त्याचे सोयरसुतक नसते. प्राप्तिकर मात्र ऐपत पाहतो. 1886 च्या कायद्याने शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून वगळले, त्याचा खरा लाभ बड्या जमीनदारालाच झाला, कारण छोट्या शेतकऱ्याचे उत्पन्न कराच्या मर्यादेपर्यंत कधी पोहोचतच नव्हते. फैजपूरचा अर्थ असा की, खालचा भार उतरवावा आणि तो वर ठेवावा. योगायोग असा की, त्याच सुमारास अमेरिकेत अध्यक्ष रूझवेल्ट श्रीमंतांवरील कर वाढवून दुसऱ्यांदा प्रचंड बहुमताने निवडून आले होते.

1937 च्या आरंभीच्या निवडणुकांत काँग्रेसला संयुक्त प्रांतात बहुमत मिळाले आणि तालुकदार-जमीनदारांच्या नॅशनल ॲग्रिकल्चरिस्ट पक्षाचा धुव्वा उडाला. पुढे काय झाले? बिहारने 1938 साली शेती उत्पन्नावरील प्राप्तिकराचा कायदा केला. लखनौच्या विधिमंडळाने 1939 साली कूळकायदा करून कुळांना वंशपरंपरेचे हक्क दिले. आपल्याकडे डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात खोतीनिर्मूलनाचे विधेयक मांडले आणि 1938 च्या जानेवारीत कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आणला. कारण फैजपूरचे शब्द चांगले असले तरी त्यांची अंमलबजावणी मागितल्याखेरीज होत नाही, हे ते जाणून होते. 1952 च्या 1 जुलैला उत्तर प्रदेशात जमीनदारी संपली. किसान सभेची मागणी फैजपूरने बाजूला ठेवली होती, ती अखेर पुरी झाली.

तिसऱ्या कलमाचे भाग्य मात्र निराळे ठरले. शेती उत्पन्नावरचा कर राज्यांच्या अखत्यारीत राहिला. उत्तर प्रदेशाने तो बसविला आणि 1957 साली त्याच्या जागी मोठ्या जमिनींवरचा कर आणला. 1972 साली के. एन. राज समितीने शेतजमिनीवर चढत्या दराने कर सुचविला. ती शिफारसही बहुतांशी कागदावरच राहिली. केंद्राच्या प्राप्तिकरातून शेतीचे उत्पन्न आजही वगळलेले आहे. म्हणजे भार खालून उतरविण्याचे काम पुष्कळसे झाले. तो वर ठेवण्याचे काम राहून गेले. यात आश्चर्य नाही. जमीनदारी गेल्यावर गावात जो वर आला, त्याच्याच हाती मतांची किल्ली आली. आणि आपल्या मतदारावर कर बसविणारा उमेदवार कोणत्याही देशात विरळाच.

1937 च्या नोव्हेंबरात कलकत्त्याच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात ‘राष्ट्रपती’ या नावाचा एक लेख चाणक्य या टोपणनावाने आला. नेहरूंच्या स्वभावात हुकूमशहा होण्याची बीजे आहेत, त्यांना पुन्हा अध्यक्ष करू नये, असे त्यात बजावले होते. लेख नेहरूंनीच लिहिलेला होता. वल्लभभाईंनी जे वर्षभरापूर्वी सांगितले तेच येथे उमेदवाराने स्वतःविषयी सांगितले. नेता मोठा असला म्हणजे कार्यक्रमाची चिंता नको, असे लोकांना वाटू लागते, आणि तेथेच कार्यक्रम मागे पडू लागतो. लखनौ आणि फैजपूर यांच्यामधल्या आठ महिन्यांत हे भान दोन्ही बाजूंना होते, म्हणूनच एका निवडीतून 13 कलमे निघाली. पुढील काळात आपण नेते पुष्कळ निवडले. त्या 13 कलमांपैकी तिसऱ्या कलमाचे काय झाले, हे त्यांना विचारणारा प्रतिनिधी मात्र मनमाडहून पुन्हा पायी निघालेला दिसत नाही.