सिस्टर रोझेटा थार्प : कप्प्यात न मावलेली

रॉक अँड रोलची कथा बहुधा एल्व्हिस प्रेस्लीपासून, फार तर चक बेरीपासून सुरू होते. जुन्या ध्वनिमुद्रिका वर्षानुक्रमे लावून ऐकण्याचा मला नाद आहे. त्या क्रमाने ऐकले की ही सुरुवात टिकत नाही. बेरीची पहिली तबकडी १९५५ची. सिस्टर रोझेटा थार्पची १९३८ची.

रोझेटा १९१५ साली आर्कान्सामधल्या कॉटन प्लांट या गावी जन्मली. आई केटी बेल पेन्टेकोस्टल पंथाची धर्मप्रचारक. मँडोलिन वाजवून गाई. टाळ्या, खंजिरी, अंगात आल्यासारखे डोलणे हा त्या उपासनेचाच भाग. तोच ठेका घेऊन तेवीस वर्षांची रोझेटा न्यूयॉर्कला आली. तिथे डेक्का कंपनीसाठी तिने थॉमस डॉर्सीचे भजन 'रॉक मी' या नावाने गायले, आणि कॉटन क्लबमध्ये दारूच्या टेबलांसमोरही ती उभी राहिली. कीर्तनकाराने तमाशाच्या बोर्डावर यावे तसे हे. चर्चमधली पुष्कळ माणसे दुखावली.

१९४४ साली मुद्रित झालेले 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' मुद्दाम ऐकावे. शब्द भक्तीचे, सॅमी प्राइसचा पियानो मात्र बुगी-वुगीचा. आणि रोझेटाची गिटार नुसती साथ करीत नाही, मधेच पुढे येऊन बोलते. १९४५मध्ये हे गाणे 'बिलबोर्ड'च्या 'रेस' यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. 'रेस' म्हणजे कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी काढलेला वेगळा कप्पा. पहिली रॉक अँड रोल तबकडी कोणती, हा वाद मला निरर्थक वाटतो. पण रोझेटाच्या विस्मृतीचे मूळ या कप्प्यांतच असावे. चर्चला ती बाजारू वाटली, बाजाराने तिला भजनवाली ठरवले.

कलावंतांचे कान मात्र कप्पे मानत नव्हते. १९४७ साली जॉर्जियातल्या मेकन शहरात तिने चौदा वर्षांच्या एका मुलाला आपल्या कार्यक्रमात गायला लावले आणि वर पैसेही दिले. तो पुढे लिट्ल रिचर्ड झाला. जॉनी कॅशनेही तिचे ऋण जाहीरपणे मानले.

१९६४चे मँचेस्टरचे चित्रीकरण आज सहज पाहता येते. बंद पडलेले रेल्वे स्टेशन; एका फलाटावर तरुण गोरे श्रोते, समोरच्या फलाटावर कोट घातलेली, पन्नाशीकडे झुकलेली रोझेटा, हातात पांढरी इलेक्ट्रिक गिटार. पाऊस पडलेला, म्हणून तिने गाणेही पावसाचेच काढले.

१९७३ साली ती फिलाडेल्फियात वारली. तीस वर्षांहून अधिक काळ तिच्या थडग्यावर नावाचा दगड नव्हता. २००८मध्ये मदतीचा जलसा करून त्यासाठी पैसे उभे केले गेले. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिला २०१८ साली प्रवेश मिळाला, तोही 'आरंभीचा प्रभाव' या वेगळ्या विभागातून.