समदुःखितांचें गणगोत

चार दिवसांचा ताप आला कीं घरचीं माणसें उशापाशीं जमतात, शेजारीण पेजेचें भांडें पाठविते आणि आठवड्याभरांत सर्व पूर्ववत् होतें. परंतु जें दुखणें वर्षानुवर्षें हटत नाहीं, त्याची गोष्ट निराळी. समाचारास येणारांचे पाय हळूहळू आंखडतात, डॉक्टरांजवळ नवें सांगण्यासारखें कांहीं उरत नाहीं आणि रोगी स्वतःच आपलें गाऱ्हाणें गिळूं लागतो. अशा वेळीं त्यास हवा असतो तो त्याच वाटेनें गेलेला माणूस. आज तो इंटरनेटवर घटकाभरांत भेटतो. यामुळें रोग्यांनीं रोग्यांस आधार देणें ही केवळ यंत्राची देणगी होय, असा समज होतो. परंतु इतिहास त्यास दुजोरा देत नाहीं.

सन १९०५ मध्यें अमेरिकेंतील बोस्टन शहरीं डॉ. जोसेफ प्रॅट यांनीं गरीब क्षयरोग्यांचा एक वर्ग सुरू केला. त्या काळीं क्षयावर गुणकारी औषध नव्हतें. विश्रांति, मोकळी हवा आणि सकस अन्न हाच उपचार, आणि त्यासाठीं आरोग्यधामांत जाऊन राहणें गरिबांस शक्य नव्हतें. त्यांनीं घरींच हे नियम पाळावे, रोजची हकीकत वहींत टिपावी आणि आठवड्यांतून एकदां एकत्र जमावें, अशी योजना होती. प्रॅट यांचा मूळ हेतु शिस्त लावण्याचा. परंतु एकाचें वजन वाढलेलें पाहून दुसऱ्यास धीर येतो आणि भिन्न वंशांचीं व पंथांचीं माणसें एका रोगाच्या नात्यानें स्नेही होतात, हें त्यांच्या लक्षांत आलें. तथापि सूत्रें डॉक्टरांच्याच हातीं होतीं.

तीं रोग्यांनीं आपल्या हातीं घेतल्याचें एक ठळक उदाहरण लुइझियानांत सांपडतें. मिसिसिपी नदीच्या कांठीं कार्व्हिल येथें १८९४ सालीं कुष्ठरोग्यांची वसाहत निघाली. १९२१ मध्यें ती मध्यवर्ती सरकारनें आपल्याकडे घेतली आणि दप्तरीं तिचें नांव ‘मरीन हॉस्पिटल क्रमांक ६६’ असें पडलें. भोंवतीं कांटेरी तारांचें कुंपण. बाहेर जाणारें पत्र निर्जंतुक केल्यावांचून टपालांत पडत नसे. मतदानाचा हक्क नव्हता. घरच्यांस कलंक लागूं नये म्हणून कित्येक रोगी आपलें नांव दारांतच टाकून नवें घेत. १९३१ सालीं टेक्सासमधील एक औषधविक्रेता तेथें आला. सिडनी लेव्हिसन हें नांव टाकून तो स्टॅन्ली स्टाइन झाला आणि त्याच वर्षीं त्यानें रोग्यांचें एक पत्र काढलें. रुग्णालयाच्या क्रमांकावरून त्याचें नांव ‘सिक्स्टी-सिक्स स्टार’. कांहीं वर्षांनीं तें बंद पडलें; १९४१ मध्यें ‘द स्टार’ या नांवानें पुन्हां निघालें, तेव्हां त्याच्या संपादकाची दृष्टि गेलेली होती.

या पत्रानें प्रथम शब्दाशीं झुंज घेतली. ‘लेपर’ या शब्दांत शतकांचा तिरस्कार सांठला आहे. तो सोडून १८७३ सालीं या रोगाचे जंतु ओळखणाऱ्या नॉर्वेच्या हॅन्सन यांच्या नांवानें रोगास ओळखावें, असा स्टाइन यांचा आग्रह होता. १९४१ मध्येंच कार्व्हिलचे डॉ. गाय फॅजे यांनीं ‘प्रोमिन’ या औषधाचा प्रयोग आरंभिला आणि आशेस प्रथमच आधार मिळाला. १९४६ सालीं रोग्यांस मतदानाचा हक्क परत मिळाला. पत्र देशोदेशीं जाऊं लागलें. कुंपणाआड कोंडलेल्या माणसांचा शब्द कुंपणापलीकडे पोंचला. स्टाइन यांच्या १९६३ सालच्या आत्मचरित्राच्या नांवाचा अर्थच ‘आतां एकाकी नव्हे’ असा आहे.

आपण हें दुरून वाचून हळहळावें असेंहि नाहीं. आपल्याकडे या रोगावरील संयुक्त औषधयोजनेची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनें १९८१ सालीं केली. परंतु १८९८ चा ‘लेपर्स ॲक्ट’ रद्द व्हावयास २०१६ साल उजाडलें, आणि घटस्फोटाचें कारण म्हणून असलेला कुष्ठरोगाचा उल्लेख कायद्यांतून २०१९ मध्यें निघाला. औषध पुढें जातें. कायदा आणि लोकांची जीभ मागें रेंगाळतात. तें अंतर तोडण्यास रोग्यांच्या स्वतःच्या आवाजावांचून दुसरें साधन फारसें प्रभावी दिसत नाहीं.

हा आवाज केवळ धीर देतो, कीं ज्ञानांतहि भर घालतो? स्टीफन हेवूड या अमेरिकन तरुणास १९९८ सालीं ए. एल. एस. हा स्नायू निकामी करणारा असाध्य रोग जडला. त्याच्या भावांनीं २००४ मध्यें ‘पेशंट्सलाइकमी’ हें स्थळ इंटरनेटवर निर्माण केलें. तेथें रोगी आपली औषधें आणि रोगाची चाल स्वतः नोंदवीत. २००८ सालीं इटलींतील संशोधकांनीं प्रसिद्ध केलें कीं लिथियमनें हा रोग मंदावतो. तेथील सुमारें दीडशें रोग्यांनीं तें औषध घेतलें आणि त्यांच्या नोंदींची तुलना तशाच इतर रोग्यांच्या नोंदींशीं झाली. निष्कर्ष २०११ मध्यें प्रसिद्ध झाला: गुण नाहीं. पुढील रीतसर चाचण्यांनींहि तोच निर्णय दिला. आशा मावळली खरी. पण ती कोणाच्या फसवणुकीनें नव्हे, तर प्रामाणिक मोजमापानें मावळली. मरणाच्या दारीं बसलेल्या माणसांनीं इतकें सत्य सोसावें, ही सामान्य गोष्ट नव्हे.

प्रत्येक मेळ्याची कसोटी हीच आहे, आणि सर्वच मेळे तिला उतरत नाहींत. एकास आलेला गुण सर्वांस सांगणारा उतावळा आणि औषध विकणारा भोंदू हे दोघेहि तेथें शिरतात. अनुभव मोलाचा खरा. पण तो तपासून घेण्याची तयारी नसेल तर त्याचीच अंधश्रद्धा होते.

तरीहि घरांतील एखादा जुना रोगी रात्रीं दूरदेशींच्या अनोळखी माणसास लिहीत बसला, तर त्यास रिकामा उद्योग म्हणूं नये. आपण प्रेमानें विचारतों, ‘आज कसें वाटतें?’ आणि तो आपल्याकडे पाहून ‘बरें आहे’ म्हणतो. खरें उत्तर तो तेथें लिहीत असेल.