पत्र्यातून परतणारी वीज

इंग्लंडच्या जुन्या मोटारींचे दिवे मिणमिणू लागले की बर्मिंगहॅमच्या ल्यूकस कंपनीला शिव्या घालायची जुनी रीत आहे. मोटारशौकीन तिला गमतीने ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणतात. पण नव्याने सजवलेल्या गाडीतला अर्थिंगचा, म्हणजे विजेच्या परतीच्या वाटेचा, बिघाड बहुतेक वेळा कारखान्यातून आलेला नसतो, तो सजावटीच्या वेळी गाडीत शिरतो. सुरुवातीच्या काही मोटारींत प्रत्येक दिव्याला जाणारी एक आणि परतीची एक अशा दोन तारा असत. पुढे परतीचे काम चासी आणि बॉडीवर सोपवले गेले, त्यात तांबेही वाचले आणि मजुरीही. तेव्हापासून गाडीचा पत्रा हाच वायरिंगचा अर्धा भाग झाला. 1931 साली प्लिमथने रबरी आधारांवर बसवलेल्या इंजिनाचा मोठा गाजावाजा केला. हादरे कमी झाले, पण रबरातून वीज जात नाही, म्हणून अशा इंजिनापासून चासीपर्यंत तांब्याची विणलेली पट्टी अपरिहार्य झाली. इंजिन पुन्हा चढवताना ती राहून गेली तर स्टार्टरचा प्रवाह चोक किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून धुरावते. 1953 च्या शेव्हरोले कॉर्व्हेटची बॉडी तर फायबरग्लासची होती, तिथे पत्राच नसल्याने परतीच्या तारा वेगळ्या ओढाव्या लागल्या.

आज रंगारी चासीला चौफेर पावडर कोटिंग करतो, बोल्टही रंगवतो. दिसायला झकास, पण तो थर विजेला अडवतो. यावर कोणी म्हणेल, नवी वायरिंग टाकली की झाले. मात्र नवी तारही रंगावरच कसली, तर जुन्या तारेइतकीच निरुपयोगी. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रंग खरवडला तर तिथे गंज धरेल. म्हणून वॉशरपुरतीच जागा उघडी करावी, दातेरी स्टार वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि मगच वरून रंग किंवा व्हॅसलिन लावावे. मीटरने नुसता ओहम पाहून समाधान मानणेही फसवे, कारण मीटरचा प्रवाह नगण्य असतो. स्टार्टर दीडशे अँपिअर ओढत असताना 0.01 ओहमचा अडथळाही दीड व्होल्ट खातो, आणि सहा व्होल्टच्या गाडीत तो पाव हिस्सा होतो.

बॅटरीचा कोणता ध्रुव चासीला जोडायचा, याचाही इतिहास ध्यानात हवा. फोर्डने 1956 च्या गाड्यांत सहा व्होल्ट आणि पॉझिटिव्ह अर्थ सोडून बारा व्होल्ट आणि निगेटिव्ह अर्थ घेतला, तर ब्रिटिश एमजीबी गाडीत अर्थचा हा बदल 1967 मध्ये अल्टरनेटरसोबत झाला. त्याआधीच्या एमजीबीत पुढे कोणी निगेटिव्ह अर्थचा अल्टरनेटर बसवलेला असला आणि बॅटरी जुन्या रीतीने पॉझिटिव्ह अर्थला जोडली, तर त्याचे डायोड क्षणात जळतात. तेव्हा रंगाचा डबा उघडण्याआधी प्रत्येक अर्थ-जोडाचा फोटो काढून ठेवा, आणि गाडी उभी राहिल्यावर सेल मारत असताना बॅटरीचे अर्थ टोक व इंजिन यांच्यामधले व्होल्ट मोजा. काटा अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर बोल्ट पुन्हा उघडा.