शेतमालाचा सौदा आणि करार कायदा: पेण-रोह्यातील शेतकऱ्यांसाठी मूलतत्त्वे

पेण तालुक्यात भातकापणीनंतर ओलीवर घेतलेला वाल फेब्रुवारी-मार्चमध्ये खळ्यावर येतो. रोहा तालुक्यात डोलवहाळ बंधाऱ्याच्या कालव्यावरील शेतांत त्याच सुमारास कलिंगडाची तोडणी सुरू होते. दोन्हीकडे व्यापारी बांधावर येतो, माल पाहतो, भाव बोलतो, थोडी आगाऊ रक्कम देतो आणि टेम्पो भरून नेतो. राहिलेले पैसे वेळेवर आले तर प्रश्न नसतो. आले नाहीत तर "लिहून कुठे घेतले होते?" हा पहिला प्रश्न विचारला जातो.

फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्याची मोकळीक महाराष्ट्रात 2016 पासून आहे. समितीच्या आवारात परवानाधारक अडत्याने पैसे थकवले तर समितीकडे दाद मागता येते. बांधावरच्या सौद्यात मात्र तुम्ही आणि खरेदीदार यांच्यामध्ये फक्त करार असतो. म्हणून भारतीय करार अधिनियम 1872 आणि माल विक्री अधिनियम 1930 या दोन कायद्यांतील मुख्य तत्त्वे प्रत्येक उत्पादकाला माहीत हवीत.

सर्वात महत्त्वाचे: टेम्पो शेतातून सुटेपर्यंत माल तुमच्या ताब्यात असतो आणि कायदा तुम्हाला तो रोखून धरण्याचा हक्क देतो. टेम्पो सुटल्यावर तुमच्याकडे उरतो तो फक्त पुरावा. त्यामुळे जे ठरवायचे आणि लिहून घ्यायचे ते भराईपूर्वीच करा.

सौदा वैध केव्हा ठरतो?

करार अधिनियमाच्या कलम 10 नुसार पुढील गोष्टी लागतात.

1. प्रस्ताव आणि स्वीकृती: एकाने भाव सांगितला आणि दुसऱ्याने तो जसाच्या तसा मान्य केला. "मान्य आहे, पण दोन रुपये कमी" ही स्वीकृती नसून नवा प्रस्ताव आहे.
2. मोबदला: मालाच्या बदल्यात पैसे किंवा पैसे देण्याचे वचन.
3. सक्षम पक्ष: दोघेही 18 वर्षे पूर्ण झालेले व सुदृढ मनाचे हवेत. अज्ञान व्यक्तीचा करार मुळातूनच रद्दबातल असतो, हे 1903 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबी खटल्यात स्पष्ट केले. घरातील सतरा वर्षांच्या मुलाने फोनवर "दिला" म्हटले तर तो सौदा ठरत नाही.
4. मुक्त संमती: धमकी, फसवणूक किंवा गैरवाजवी दबाव नको. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नका.
5. कायदेशीर उद्देश आणि निश्चितता: कोणता माल, किती आणि कोणत्या भावाने हे समजण्याजोगे हवे (कलम 29).

या यादीत मुद्रांक कागद नाही. शेतमालाचा तोंडी सौदाही वैध असतो. अडचण वैधतेची नसते, तो सिद्ध करण्याची असते. जमिनीचे व्यवहार मात्र वेगळे आहेत. जमीन विक्रीला लेखी व नोंदणीकृत दस्त लागतो. शेतात उभे पीक तोडून देण्याच्या अटीवर विकले तर कायद्याने तो "माल" धरला जातो, जमीन नव्हे.

फोनवर ठरलेला सौदा

फोनवरील सौद्यावर सर्वोच्च न्यायालयाचा 1965 मधील निकाल आजही आधार मानला जातो. सरकीच्या पेंडीचा सौदा अहमदाबाद आणि विदर्भातील खामगाव येथील व्यापाऱ्यांत फोनवर झाला होता. माल मिळाला नाही म्हणून दावा कुठे लावायचा, हा वाद होता. प्रस्ताव देणाऱ्याला स्वीकृती जिथे ऐकू आली तिथे करार झाला, असे न्यायालयाने ठरवले. तुम्ही रोह्यातून भाव सांगितला आणि वाशीच्या व्यापाऱ्याने फोनवर तो मान्य केला, तर करार रोह्यात झाला असे म्हणता येते.

फोन झाल्यावर लगेच व्हॉट्सअॅपवर संदेश पाठवा: "आताच्या बोलण्याप्रमाणे कलिंगड अंदाजे 12 टन, 9 रुपये किलो, शुक्रवारी उचल, उरलेली रक्कम भराईवेळी." समोरून "ओके" आले की लेखी पुरावा तयार होतो. संदेश पुसू नका. भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 नुसार असा पुरावा न्यायालयात देताना विहित प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून मूळ फोन जपून ठेवा.

माल आणि पैसे: आधी काय?

माल विक्री अधिनियमाच्या कलम 32 नुसार वेगळे ठरले नसेल तर माल देणे आणि पैसे देणे एकाच वेळी व्हायला हवे. पैसे मिळेपर्यंत ताब्यातील माल रोखून धरण्याचा हक्क कलम 47 देते. पण तुम्ही उधारी मान्य केली असेल तर मुदत संपेपर्यंत हा हक्क वापरता येत नाही. माल खरेदीदाराच्या ताब्यात गेला की हा हक्क संपतो आणि फक्त किंमत वसुलीचा दावा उरतो.

"नंतर बघू", "पट्टी आली की देतो" असे शब्द मोघम आहेत. पैसे देण्याची तारीख लिहा. उशीर झाल्यास सौदा मोडण्याचा हक्क हवा असेल तर तेही लिहा, कारण वेगळा उद्देश दिसत नसेल तर कलम 11 पैसे देण्याची वेळ ही सौद्याची मूलभूत अट मानत नाही.

उक्ता सौदा की वजनावर?

मालाची जोखीम साधारणपणे मालकीबरोबर जाते (कलम 26). तोडलेला माल तुम्ही वजन करून द्यायचा आणि त्यावरून किंमत ठरायची असेल, तर वजन होऊन खरेदीदाराला ते कळेपर्यंत मालकी त्याच्याकडे जात नाही (कलम 22). त्याआधी पाऊस आला किंवा माल खराब झाला तर नुकसान तुमचे.

उक्त्या सौद्यात मालकी कधी गेली हे दोघांच्या उद्देशावरून ठरते. म्हणून "आजपासून पिकाची राखण व जोखीम खरेदीदाराची" किंवा "तोडणीपर्यंत जोखीम शेतकऱ्याची" यांपैकी एक वाक्य स्पष्ट लिहा. वजनाचा काटा कोणाचा, घट किती धरायची, तोडणी व भराईची मजुरी कोणी द्यायची, हेही त्याच वेळी ठरवा.

नमुना आणि दर्जा

वाल किंवा भात मूठभर पाहून घेतला जातो. हा नमुन्यावरून विक्रीचा प्रकार आहे. कलम 17 नुसार सगळा माल नमुन्याप्रमाणे असायला हवा आणि खरेदीदाराला तो ताडून पाहण्याची संधी मिळायला हवी. नमुन्याची छोटी पिशवी दोघांच्या सह्यांची चिठ्ठी टाकून बंद करा आणि एक तुमच्याकडे ठेवा. माल पोहोचल्यावर "दाणा बारीक निघाला" म्हणून भाव कापला गेला तर ही पिशवी बोलते. भाताचा ओलावाही आकड्यात लिहा. शासकीय खरेदीत कमाल 17 टक्के धरतात, खासगी सौद्यात मर्यादा तुम्ही दोघांनी ठरवायची असते.

खरेदीदार आलाच नाही तर

एक कल्पित उदाहरण घेऊ. कलिंगड 12 टन, 9 रुपये किलो, एकूण 1,08,000 रुपये. आगाऊ 10,000 रुपये मिळाले. बाजार उतरला आणि खरेदीदार आला नाही. तुम्ही माल दुसऱ्याला त्या दिवसाच्या चालू भावाने, 6 रुपये किलोने, 72,000 रुपयांना विकला. फरक 36,000 रुपये. आगाऊ रक्कम वजा केली तर मागणी 26,000 रुपयांची होते.

येथे तीन तत्त्वे लागू होतात.

- भाव उतरला हे करार मोडण्याचे कारण नाही. भाव चढला म्हणून तुम्हीही माल दुसऱ्याला देऊ शकत नाही. दिला तर पहिला खरेदीदार भरपाई मागू शकतो.
- भरपाई करारभंगातून स्वाभाविकपणे झालेल्या नुकसानीची मिळते (कलम 73). नुकसान कमी ठेवण्याचा वाजवी प्रयत्न तुम्हीही करायला हवा. माल शेतात कुजू देऊन पूर्ण रक्कम मागता येत नाही.
- नाशवंत माल पूर्वसूचनेशिवायही पुन्हा विकता येतो (माल विक्री अधिनियम, कलम 54). तरीही "आज संध्याकाळपर्यंत न आल्यास माल विकत आहे" असा संदेश पाठवा आणि दुसऱ्या विक्रीची पावती ठेवा.

करारात मोठा दंड लिहिला म्हणून तो पूर्ण मिळतोच असे नाही. कलम 74 नुसार त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळते.

वादळ आले तर

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि जिल्ह्यातील आंबा, नारळ व सुपारीच्या बागा उन्मळून पडल्या. बाग पुढील हंगामांसाठी कराराने दिली असेल आणि झाडेच राहिली नाहीत, तर करार पाळणे अशक्य होऊन तो रद्द होतो (करार अधिनियम, कलम 56). अशा वेळी मिळालेला लाभ परत करावा लागतो (कलम 65), म्हणजे न दिलेल्या फळांसाठी घेतलेली आगाऊ रक्कम परत करण्याची तयारी ठेवा. फळ कमी लागले किंवा वाहतूक महागली, एवढ्यावर हे कलम लागू होत नाही. बागेच्या करारात वादळाचा परिच्छेद आधीच घाला.

चेक वटला नाही तर

परक्राम्य संलेख अधिनियम 1881 चे कलम 138 वापरायचे असेल तर मुदती काटेकोर आहेत.

- चेक तारखेपासून 3 महिन्यांच्या आत बँकेत भरा.
- चेक परत आल्याची माहिती मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्या. पोचपावती जपा.
- नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे न आल्यास त्यानंतर एका महिन्यात न्यायालयात तक्रार करा.

खात्यात भरलेल्या चेकची तक्रार तुमचे खाते ज्या शाखेत आहे तेथील न्यायालयात करता येते. खाते रोह्यात असेल तर व्यापाऱ्याच्या गावी जावे लागत नाही.

चेक नसेल तर किंमत वसुलीच्या दाव्याला 3 वर्षांची मुदत आहे. उधारी ठरली नसेल तर ती माल दिल्यापासून, ठरली असेल तर उधारीची मुदत संपल्यापासून मोजतात. मुदत संपण्यापूर्वी येणे रक्कम मान्य केल्याची खरेदीदाराची सही मिळाली तर तेथून नवी मुदत सुरू होते. "पुढच्या हंगामात देतो" असे कोणी म्हणाला तर ते सहीनिशी लिहून घ्या.

तुम्ही खरेदीदार असता तेव्हा

बियाणे, खते, औषधे घेताना तुम्ही ग्राहक असता. बियाणे कंपनीविरुद्ध शेतकरी ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात मान्य केले. पेरून संपलेल्या बियाण्याचा नमुना शेतकऱ्याने राखून ठेवावा, अशी अपेक्षाही न्यायालयाने धरली नाही. तरी बिल, पिशवी आणि लेबल ठेवा. उगवण कमी दिसताच पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून पाहणी व पंचनामा करून घ्या. तक्रार 2 वर्षांच्या आत अलिबाग येथील जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. मोबदला 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.

सौदा चिठ्ठीचा नमुना

वहीच्या कागदावर दोन प्रती करा. दोन्हींवर दोघांच्या सह्या आणि एक साक्षीदार घ्या.

- तारीख व ठिकाण
- शेतकरी व खरेदीदार: पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल
- माल, जात, दर्जा, ओलावा, नमुना ठेवला / नाही
- प्रमाण: उक्ते / वजनावर, काटा कोणाचा, घट किती
- भाव व अंदाजे एकूण रक्कम
- आगाऊ रक्कम व ती कशी दिली
- उचल करण्याची अंतिम तारीख
- उरलेली रक्कम: भराईवेळी / दिनांक …
- जोखीम कोणाची व कधीपर्यंत
- टेम्पोचा क्रमांक, भरलेले वजन, चालकाची सही

कृषी सहायक व विस्तार कार्यकर्त्यांसाठी

पीक प्रात्यक्षिकाच्या किंवा शेतीशाळेच्या शेवटच्या सत्रात ही चिठ्ठी गटाकडून भरून घ्या. गटाने मिळून माल विकायचा असेल तर सही कोण करणार हे आधी ठरावात लिहा. दुसऱ्याच्या जमिनीत पीक घेतलेल्या शेतकऱ्याने जमीनमालकाशी झालेली बोलणीही लिहून ठेवावी, कारण जो मालाचा मालक नाही तो सहसा मालकी देऊ शकत नाही (कलम 27).

वाद झाल्यास पेण किंवा रोहा येथील तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिला तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. विधी सेवेचा मदत क्रमांक 15100 आहे. मोठ्या रकमेच्या किंवा अनेक हंगामांच्या करारावर सही करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्या.